सहा हिरव्या रंगांची पट्टी

मी एक प्लास्टिकची पट्टी आहे. लांबीला वीतभर, रुंदीला चार बोटं. दप्तरातल्या पट्टीसारख्या माझ्यावर सेंटिमीटरच्या रेघा नाहीत. माझ्यावर आहेत सहा हिरवे रंग, एकाशेजारी एक. पहिला इतका फिका की त्याला कोणी पिवळा म्हटलं तरी मला राग येणार नाही. सहावा इतका गडद की संध्याकाळी तो काळाच वाटतो. प्रत्येक रंगावर भाताच्या पानासारख्या बारीक शिरा उठवलेल्या आहेत. पान माझ्यावर ठेवलं की दोन बहिणी शेजारी बसल्यासारख्या दिसतात.

माझं काम सोपं आहे. भात भुकेला असला की त्याचं पान फिकं होतं, पोट भरलेलं असलं की गडद होतं. ते पान माझ्या कोणत्या रंगाशी जुळतं ते पाहायचं आणि मग युरिया द्यायचा की थांबायचं हे ठरवायचं. एवढंच.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथली एक बाई प्रत्येक पट्टी दिव्याखाली धरून मूळ नमुन्याशी जुळवत होती. माझ्या पुढच्या दोघींना तिनं बाजूच्या टोपलीत टाकलं. मला मात्र उलटून पालटून पाहिलं आणि पुढे सरकवलं. तेव्हा मला तिची भीती वाटली होती. आता वाटतं, तिचे आभार मानायला हवे होते. माझा एक रंग जरी चुकलेला असता, तरी पुढे जे घडलं त्यात मीच खोटी ठरले असते.

पुढे दोन वर्षं मी एका शेतकी कॉलेजच्या कपाटात पडून होते. तिथून मला अखिलानं आणलं. ती त्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होती. ऑगस्टमधल्या सुट्टीत ती तंजावूरला मामाकडे आली, तेव्हा वहीच्या पानांत घालून मलाही घेऊन आली.

तिचे मामा म्हणजे अनिरुद्धराव. तीस वर्षं वीजखात्यात नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांच्या घरात मराठी बोलतात, उंबऱ्याबाहेर तमिळ. मामी भामाबाई फोनवर बहिणीशी बोलताना एकाच वाक्यात दोन्ही बोलतात आणि दोघींनाही त्याचं काही वाटत नाही. माझी मराठी याच घरातली आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

पापनाशमजवळ कालव्याच्या कडेला अनिरुद्धरावांची तीन मा जमीन आहे. तिकडे जमीन अशीच मोजतात. तीन मा म्हणजे एक एकर. ती जमीन चोवीस वर्षं मणी कसत होता. पाणी सोडणं, बांध घालणं, खत टाकणं, सगळं त्याचंच. अनिरुद्धराव आठवड्यातून दोनदा सकाळच्या पॅसेंजरनं जायचे, बांधावर उभे राहायचे आणि काय करायचं ते सांगायचे.

मी त्या घरात आले त्या संध्याकाळी सगळे कापी, म्हणजे तिकडची कॉफी, घेत बसले होते. अनिरुद्धरावांचा चेहरा उतरलेला होता.

"दोन वर्षं झाली," ते अखिलाला म्हणाले. "सांबा हंगामातला भात कापणीच्या तोंडावर आडवा होतो. गेल्या वर्षी निम्मा चिखलात गेला."

"खत किती घालता, मामा?"

"पोत्यामागून पोतं देतो. पण भात पिवळा तो पिवळाच. मग मला सांग, पोतं जातं कुठे?"

भामाबाईंनी पेला खाली ठेवला. "चोवीस वर्षांत त्यानं तुमचा एक नारळ उचलला नाही."

"म्हणून तर अजून काही बोललो नाही. पण यंदाही भात पडला, तर पोंगल झाल्यावर जमीन खंडानं देऊन टाकायची. मणीला मोकळं करायचं."

हे ऐकून अखिलानं मला वहीतून बाहेर काढलं. अनिरुद्धरावांनी मला डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं.

"काय मळके रंग आहेत. कंपनीनं शाईत काटकसर केलेली दिसते."

अखिला हसली. तिला वाटलं, मामा थट्टा करतायत. मलाही तसंच वाटलं.

त्या वर्षी लावणीही अखिलाच्या सांगण्यावरून झाली. नेहमी महिन्याची रोपं मूठमूठ खोचायचे. यंदा पंधरा दिवसांची कोवळी रोपं, एका जागी एकच, आणि दोरीला बांधलेल्या खुणा पाहून वीतवीत अंतरावर. लावणीच्या बायका वाकल्या वाकल्या हसत होत्या.

"अगं, भात लावतोय की तुळस?" त्यांच्यातली थोरली म्हणाली.

"अंतर असलं की फुटवे जास्त येतात," अखिला म्हणाली.

"येऊ देत बाई. तोपर्यंत मधल्या जागेत आम्ही जेवायला बसू."

मणी दोरीचं दुसरं टोक धरून उभा होता. तो हसला नाही. एक रांग झाली की दोरी उचलायची, ताणायची, पुन्हा टेकवायची, एवढंच तो करत होता. दुपारी एका ठिकाणी दोरी सैल पडून रांग वाकडी झाली, तेव्हा कोणी न सांगता त्यानं ती सगळी रोपं उपटून पुन्हा लावली. मी अखिलाच्या पिशवीतून पाहत होते. हा माणूस पोतं चोरत असेल यावर माझा विश्वास बसेना. पण मला कोण विचारतो?

दोन आठवड्यांनी अखिलानं दोघांना मला कसं वापरायचं ते शिकवलं. सकाळी आठ ते दहाच्या मध्ये. सूर्याकडे पाठ करून, म्हणजे पान आणि मी दोघंही माणसाच्या सावलीत येतो. वरचं पूर्ण उघडलेलं पान घ्यायचं, तोडायचं नाही, मधला भाग माझ्यावर टेकवायचा. अशी दहा रोपं, शेतात वेगवेगळ्या ठिकाणी. दहांपैकी सहा पानं तिसऱ्या रंगाहून फिकी निघाली तरच युरिया, तोही अर्धं पोतं. नाहीतर दहा दिवस थांबायचं.

"हा पोन्नी जातीचा भात आहे," ती म्हणाली. "उंच वाढतो. जास्त खाल्लं तर अजून उंच होतो, मऊ पडतो, आणि कार्तिकातल्या पावसात उभा राहत नाही."

पहिल्या वेळी सात पानं फिकी निघाली. अर्धं पोतं टाकलं. मणीनं माझं नाव पच्चै ठेवलं. त्यांच्या भाषेत पच्चै म्हणजे हिरवी. मला आजवर कोणी नाव दिलं नव्हतं.

अखिला कॉलेजला परतली आणि मी अनिरुद्धरावांच्या शर्टाच्या खिशात राहू लागले. एक गोष्ट मला तिथे समजली. माणसं आपल्या शेतापेक्षा शेजारच्या शेताकडे जास्त बघतात. ज्याचा भात जास्त गडद, तो मोठा शेतकरी, असं सगळे धरून चालतात. पॅसेंजरच्या डब्यातही हीच बोलणी. माझ्या सहा रंगांत सगळ्यांना सहावाच हवा असतो. तिसऱ्याची कोणी स्तुती करत नाही.

ऑक्टोबर संपत आला होता. त्या सकाळी अनिरुद्धराव बांधावर आले आणि थबकले.

"मणी, हे काय? हळद शिंपल्यासारखं दिसतंय सगळं."

मणी शेताकडे बघत राहिला, मग त्यांच्याकडे. त्यांना तो अय्या म्हणायचा, मालक या अर्थी. "चांगलं आहे, अय्या. भरपूर फुटलंय."

अनिरुद्धरावांनी मला बाहेर काढलं. सूर्याकडे पाठ केली. पहिलं पान चौथ्या रंगाशी जुळलं. दुसरंही चौथ्याशी. तिसरं तिसऱ्याशी. दहा पानांत तिसऱ्याहून फिकं एकही नव्हतं.

"पट्टीचा रंग उडालाय," ते म्हणाले. "पान पिवळं, आणि पट्टीही तितकीच पिवळी. मग जुळणारच. उद्या पोतं येईल. पूर्ण टाक."

"नको, अय्या."

"काय म्हणालास?"

"पोट भरलंय त्याचं. अजून टाकलं तर पावसात लोळेल. मी नाही टाकणार."

चोवीस वर्षांत तो त्यांना पहिल्यांदा नाही म्हणाला असावा. निदान अनिरुद्धरावांचा चेहरा तसा झाला.

"टाकणार नाहीस. का, घरी न्यायला कमी पडतं?"

मणीच्या खांद्यावर फावडं होतं. ते त्यानं कालव्याच्या पाण्यात धुतलं, पंच्यानं पुसलं, पंपाच्या खोलीला टेकवून ठेवलं. किल्ली फावड्याच्या दांड्यावर अडकवली आणि बांधावरून चालत गेला. जाताना वाटेतल्या एका खाचेतून पाणी गळत होतं. तिथे तो वाकला, पायानं माती दाबली, आणि मग गेला.

मला सगळं ठाऊक होतं. माझे रंग जागच्या जागी होते. मी ते ओरडून सांगितलं असतं, पण मला तोंड नाही. मी फक्त पानाजवळ ठेवल्यावर बोलते, आणि मला तर खिशात कोंबलं होतं.

पोतं टाकायला अनिरुद्धरावांनी शेजारच्या गावातला एक माणूस ठरवला. पण त्याच रात्रीपासून पाऊस लागला आणि त्या माणसानं निरोप पाठवला की पाऊस थांबल्यावर येतो. त्या पावसाचे माझ्यावर फार उपकार आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला जेवणाच्या टेबलावर आपटलं. "काय उपयोग हिचा. दोन महिन्यांत रंग उडाला."

भामाबाईंनी मला उचललं आणि खिडकीशी नेलं. "कुठे उडालाय? चांगली हिरवीगार आहे."

"तो चौथा रंग बघ. वाळलेलं गवत आहे नुसतं."

"हा?" भामाबाईंनी माझ्या चौथ्या रंगावर बोट ठेवलं. "अहो, हा केळीच्या पानासारखा आहे."

"तुला काय कळतंय रंगातलं. माझ्या वेष्ट्या पिवळ्या पडतायत ते तरी दिसतं का? दहादा सांगितलं, नीळ जास्त घाल."

भामाबाई आतल्या खोलीत गेल्या, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि एक घडी घातलेली वेष्टी, म्हणजे पांढरं धोतर, घेऊन बाहेर आल्या. ती त्यांनी माझ्या शेजारी ठेवली.

"ही कशी आहे?"

"जुनी आहे. बघ, ही तर जास्तच पिवळी पडलीय."

भामाबाईंनी घडी उलटली. खालच्या बाजूला दुकानाचं लेबल तसंच चिकटलेलं होतं.

"परवाच तुमच्यासाठी दिवाळीला घेतली. मी अजून घडीसुद्धा मोडली नाही."

अनिरुद्धराव त्या लेबलाकडे बघत राहिले. मग त्यांनी उजवा डोळा झाकला आणि पाहिलं. डावा झाकला आणि पाहिलं. शेवटी मला उचलून वेष्टीवर ठेवलं आणि काढलं, पुन्हा ठेवलं आणि काढलं.

"वेष्टी पिवळी, पट्टी पिवळी, भात पिवळा," भामाबाई हळूच म्हणाल्या. "सगळ्या जगाला एकाच वेळी काही झालं नसणार. चला, रिक्षा बोलावते."

डोळ्यांच्या डॉक्टरीण बाईंनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. पिकत आलेला. असा मोतीबिंदू हळूहळू पिवळ्या काचेसारखा होतो, त्या म्हणाल्या. वर्षावर्षानं चढतो, म्हणून माणसाला कळत नाही. त्याला वाटतं, वस्तूच मळल्या. त्यांनी विचारलं, तुमच्या कसं लक्षात आलं? अनिरुद्धरावांनी खिशातून मला काढून दाखवलं. बाईंनी मला हातात घेतलं, पाहिलं आणि हसून परत दिलं. मला त्या हसण्याचा अभिमान वाटला.

मग मी माझ्याशीच कोडं सोडवलं. ते माझ्या रंगांना नावं ठेवायचे, तरी पान माझ्याशी अचूक कसं जुळवायचे? कारण पान आणि मी दोघी त्याच पिवळ्या काचेतून दिसत होतो. दोघींवर सारखाच पिवळेपणा. म्हणून जुळणी खरी होती आणि नुसती नजर खोटी. मी त्यांना खरं सांगितलं होतं. त्यांना ते पटलं नव्हतं, एवढंच.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन चौथ्या दिवशी झालं. डोळ्यावरची पट्टी सुटली तेव्हा ते भिंतीकडे पाहून म्हणाले, "भामा, घराला निळा रंग कधी दिला?" भिंत पांढरीच होती. नीळ आता पूर्वीइतकीच घालायची, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं.

पाऊस थांबला. ठरवलेल्या माणसाचा फोन आला. "येऊ नका," अनिरुद्धराव म्हणाले. "पोत्याची गरज नाही."

डॉक्टरांनी धुळीत जायला मनाई केली होती. तरी दहाव्या दिवशी ते भामाबाईंना घेऊन निघाले. काळा चष्मा घातलेला, वर भामाबाईंनी धरलेली छत्री. बांधावर त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"क्षणभरच," भामाबाई म्हणाल्या. "डोळ्यात काही गेलं तर मी काही ऐकायची नाही."

समोर तीन मा भात उभा होता. शेजारची शेतं पावसानं जागोजागी झोपली होती. आमचा उभा होता, आणि हिरवा होता. सहाव्यासारखा काळा नव्हे, तिसऱ्या-चौथ्यासारखा, माझ्या मधल्या रंगांसारखा. माझे रंग शेतात पाहून कोणाच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. भामाबाईंनी चष्मा परत खाली ओढला.

तिथून ते मणीच्या घरी गेले. मणी दारात बसून टोपलीची सुटलेली वीण बांधत होता. उठला, दोघांसाठी चटई टाकली.

"डोळ्यांत मोती होते," अनिरुद्धराव म्हणाले. "दोन्ही डोळ्यांत. मला सगळं पिवळं दिसायचं."

"गावात कळलं, अय्या."

"एक विचारू? गेली दोन वर्षं मी सांगितलेली पोती तू टाकलीस?"

"एक मूठ कमी नाही."

"सगळी?"

"सगळी. तेव्हा तुम्ही सांगितलेलं कधी टाकलं नाही असं झालंय का?"

अनिरुद्धराव मान खाली घालून बसले. दोन वर्षं भात पडला होता तो उपाशी राहून नव्हे. मणीनं त्यांचं ऐकलं म्हणून पडला होता.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस, की जास्त होतंय?"

मणीनं वीण ओढून घट्ट केली. "सांगितलं होतं, अय्या. दोन्ही वर्षी. तुम्ही म्हणालात, मला डोळे आहेत."

आतून मणीच्या बायकोनं ताक आणून ठेवलं. अनिरुद्धरावांनी पेला उचलला नाही. उठले, मला खिशातून काढलं आणि दोन्ही हातांनी मणीसमोर धरलं. देवळात तीर्थ घेताना हात जसे पुढे करतात, तसे.

"चूक माझी होती. तुझं नाव मी घरात, तुझ्या माघारी वाईट केलं. ही तुझ्याकडे राहू दे. पुढे शेताचं तूच ठरव. उद्या ये, नाहीतर येऊ नको म्हण. मी पुन्हा येईन विचारायला."

मणीनं मला घेतलं, उलटून पालटून पाहिलं, आणि म्हणाला, "पच्चै मला लागत नाही. पण अय्यांना लागेल. माझ्याकडे ठेवतो."

भामाबाई पहिल्यांदा हसल्या. "तिनंही तुझ्यासारखंच सांगितलं, आणि आम्ही दोघांचं ऐकलं नाही," त्या म्हणाल्या. "आता तरी ताक प्या, अहो. ते थांबलंय."

त्या वर्षी भात कापणीपर्यंत उभा राहिला. कापणीच्या दिवशी लोंब्या इतक्या वाकल्या होत्या की लावणीच्या बायकांतली थोरली म्हणाली, तुळशीला दाणे बरे आले. पहिल्या लोंब्यांची जुडी दरवर्षी तंजावूरच्या घराच्या चौकटीला बांधायची पद्धत होती. यंदा अनिरुद्धरावांनी ती मणीच्या चौकटीला बांधली. गाठ त्यांना नीट जमली नाही. मणीच्या बायकोनं ती त्यांच्यासमोरच सोडली आणि पुन्हा बांधली. जमीन खंडानं द्यायची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

त्याला आता दोन वर्षं होतील. मी मणीच्या सदऱ्याच्या खिशात असते. घामाचा आणि विडीचा वास येतो, पण उन्हात राहायला लागत नाही, आणि माझ्यासारखीला त्यापेक्षा जास्त काय हवं? माझा पहिला रंग थोडा फिकट झालाय. अखिला म्हणते, दुसरी आणून देते. आणू दे. मी दुःखी नाही. मला कारखान्यातल्या बाईनं नीट पारखलं, अखिलानं कपाटातून काढलं, भामाबाईंनी खिडकीशी नेलं, आणि मणीनं नाव दिलं. कितीतरी पट्ट्या कपाटातच राहतात.

तुमच्याही घरी माझी एखादी बहीण असेल, खिळ्याला टांगलेली, नाहीतर देवाच्या फळीवर खताच्या पावतीखाली दबलेली. तिला खाली काढा. सकाळी शेतात न्या, सूर्याकडे पाठ करा, तिला तुमच्या सावलीत घ्या, आणि ती काय म्हणते ते ऐका. तुमच्या शेतात राबणारा माणूस काय म्हणतो, तेही ऐका. पान आणि पट्टी शेजारी ठेवायला घटकाभर वेळ पुरतो.

काल सकाळी आम्ही नेहमीसारखे बांधावर होतो. मणी पानाकडे नुसतं बघून आकडा सांगतो, मग अनिरुद्धराव मला पानाखाली धरून तपासतात आणि वहीत लिहितात. नऊ पानं जुळली. दहाव्याला मणी म्हणाला तीन, आणि त्यांना दिसला चार.

अनिरुद्धरावांनी मला पुन्हा धरलं. चष्मा पुसला, पुन्हा धरलं. त्यांच्या मते चारच होता. थोडा वेळ ते पानाकडे पाहत राहिले, मग मणीकडे.

मग त्यांनी वहीत तीन लिहिलं.